गटाच्या बैठकीत प्रोग्रामिंगची साधने शिकायची कशी?

धागालेखिका

गेली सहा वर्षे मी आमच्या भागातील प्रोग्रामर मंडळींच्या एका लहान गटाचे समन्वयाचे काम पाहते आहे. आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. पहिली पाच वर्षे बैठकीचा साचा ठरलेला होता : एक वक्ता, चाळीस-पन्नास स्लाइड आणि शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी. विषय चांगले असत, वक्ते तयारी करून येत आणि लोक मन लावून ऐकत. तरीही पुढच्या महिन्यात "मागच्या वेळी पाहिलेले कुणी कामात वापरले का?" असे विचारले, की खोलीत शांतता पसरत असे. कोडमधील बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट या साधनावर आमच्याकडे तीन वेळा व्याख्यान झाले आणि तिन्ही वेळा श्रोत्यांत बहुतांश माणसे तीच होती.

गेल्या वर्षी एका बैठकीला वक्ते ऐन वेळी येऊ शकले नाहीत. तेव्हा गटातील एका सदस्येने स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि म्हणाली, "दोन दिवसांपासून एक बग सापडत नाही, तोच सगळे मिळून शोधूया." तिच्या प्रोग्रामातील मासिक बेरजेत महिन्याचा शेवटचा दिवस धरला जात नव्हता. तीन महिन्यांपूर्वीची आवृत्ती बरोबर होती, आजची चुकत होती आणि मधे साधारण सातशे कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल, होते. चूक कोणत्या कमिटपासून सुरू झाली ते शोधणारे 'गिट बायसेक्ट' तिने सुरू केले, जुना कमिट 'गुड' आणि आजचा 'बॅड' असे सांगितले. गिटने तिला बरोबर मधल्या कमिटवर नेऊन ठेवले. पहिल्या तीन पायऱ्या तिने हाताने केल्या. मग मागच्या रांगेतून एकाने सुचवले, की चाचणीची चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ती 'बायसेक्ट रन'ला द्यावी. स्क्रिप्टने शून्य परत केले तर कमिट चांगला, एक परत केला तर वाईट आणि ज्या कमिटवर प्रोग्राम बांधलाच जात नाही तिथे १२५ परत केले, की गिट तो कमिट वगळून पुढे जाते. हा १२५चा आकडा खोलीतील निम्म्याहून अधिक लोकांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. सातशे कमिट निम्मे निम्मे करत गेल्यास दहाव्या पायरीपर्यंत उत्तर यायलाच हवे आणि तसे ते आले.

सापडलेल्या कमिटचा संदेश 'फॉर्मॅटिंग नीट केले' एवढाच होता. त्यात ४३ फायली बदललेल्या होत्या. तिने फरक पाहण्याच्या आज्ञेला, म्हणजे 'डिफ'ला, 'डब्ल्यू' हा पर्याय जोडला. त्यामुळे रिकाम्या जागांचे सगळे बदल दिसेनासे झाले आणि स्क्रीनवर एकच ओळ उरली : जिथे 'पेक्षा कमी किंवा समान' होते तिथे 'पेक्षा कमी' झाले होते.

त्याहून मोलाची गोष्ट मात्र वेगळीच घडली. आधी दिलेली एखादी लांबलचक आज्ञा पुन्हा हवी असली, की ती कंट्रोल आणि आर दाबून दोन अक्षरे टाइप करत होती आणि पूर्ण आज्ञा समोर येत होती. तिसऱ्यांदा असे झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "हे आत्ता काय केलेत?" तिला प्रश्नच कळला नाही, कारण दिवसातून पन्नास वेळा ती ते न पाहता करते. मी त्या वेळी लिहून ठेवले : अनुभवी माणूस ज्या गोष्टींमुळे वेगाने काम करतो त्या तो स्लाइडवर कधीच लिहीत नाही, कारण त्या सांगण्यासारख्या आहेत असे त्याला वाटतच नाही. त्या पाहायच्या असतील तर त्याच्या शेजारी बसून त्याचे हात पाहावे लागतात.

तेव्हापासून आम्ही व्याख्याने जवळजवळ बंद केली आहेत आणि दर बैठकीत कुणाचे तरी खरे, अपुरे, अडलेले काम स्क्रीनवर घेतो. अशी पद्धत आपापल्या गटात कुणी चालवली असेल, किंवा तिच्याविषयी आक्षेप असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ या व्यवसायात आहे, म्हणून माझा आक्षेप आधी नोंदवतो. साधने बदलतात. बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनांत मी सीव्हीएसवर शिकलो, मग सबव्हर्जनवर गेलो, मग गिटवर आलो. गिटचे लेखन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये सुरू केले, कारण लिनक्स कर्नलसाठी वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या तशाच साधनाची मोफत वापराची सवलत काढून घेतली गेली होती. त्याच महिन्यात, त्याच कारणाने, मर्क्युरियल हे तसेच दुसरे साधनही सुरू झाले. म्हणजे आज आपण ज्याला पाया समजतो ते एका परवान्याच्या वादातून काही आठवड्यांत उभे राहिले. उद्या आणखी काही येईल. बोटांना लागलेल्या सवयी तेव्हा निरुपयोगी ठरतात, कल्पना मात्र टिकतात. म्हणून गटाने आज्ञांपेक्षा त्यांच्यामागची रचना शिकवावी असे माझे मत आहे, आणि रचना शिकवायला फळा व व्याख्यान हीच माध्यमे योग्य आहेत.

धागालेखिका

आपला मुद्दा मला मान्य आहे, परंतु रचना फळ्यावरच शिकवावी लागते हे मान्य नाही. आमच्या एका बैठकीचे उदाहरण देते. गिटमधील ब्रँच म्हणजे काय, हा प्रश्न होता. फळ्यावर गोल आणि बाण काढून तो अनेकदा समजावला गेला होता. त्या दिवशी एका सदस्याने प्रकल्पाच्या फोल्डरमधील लपवलेले 'डॉट गिट' हे फोल्डर उघडले, त्यातील 'रेफ्स', त्यातील 'हेड्स' आणि त्यातील ब्रँचच्या नावाची फाइल साध्या आज्ञेने स्क्रीनवर छापून दाखवली. तिच्यात चाळीस अक्षरांची एक ओळ होती आणि फाइलचा आकार होता ४१ बाइट, चाळीस अक्षरांचे आणि एक ओळ संपल्याच्या खुणेचा. ब्रँच म्हणजे एवढेच, एका कमिटचा पत्ता लिहून ठेवलेली चिठ्ठी. त्याने नवा कमिट केला, फाइल पुन्हा छापली आणि पत्ता बदललेला दिसला. ब्रँच काढून टाकली तर कमिट नष्ट होतात, या भीतीने वर्षानुवर्षे जुन्या ब्रँच सांभाळणारे दोन सदस्य आमच्यात होते. त्यांची भीती त्या पाच मिनिटांत गेली.

त्यानंतर त्याने ब्रँच मुद्दाम पुसली आणि 'रीफ्लॉग'मधून, म्हणजे आपण कोणकोणत्या कमिटवर होतो याच्या गिटने ठेवलेल्या नोंदवहीतून, कमिटचा पत्ता शोधून ती परत उभी केली. कोणत्याही ब्रँचमधून ज्यापर्यंत पोहोचता येत नाही अशा कमिटची रीफ्लॉगमधील नोंद गिट मुळातल्या रचनेनुसार तीस दिवस ठेवते आणि पोहोचता येणाऱ्याची नव्वद दिवस. त्याच बैठकीत हेही स्पष्ट झाले, की जे बदल कधी कमिटच केले नाहीत आणि 'ॲड'ही केले नाहीत ते फायली जुन्या कमिटसारख्या करणाऱ्या 'रीसेट हार्ड'नंतर रीफ्लॉगमध्ये सापडणार नाहीत. ही मर्यादा मी व्याख्यानात सांगितली असती तर कुणी लिहून घेतली नसती. समोर एका फाइलीतील बदल खरोखरच गेले, तेव्हा ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

प्रतिसाद २

ज्या कमिटमध्ये ४३ फायलींचे फॉर्मॅटिंग आणि एक खरा बदल एकत्र होता, त्याविषयी थोडे लिहितो. बायसेक्ट हे साधन कमिट करणाऱ्याच्या शिस्तीवर जगते. एका कमिटमध्ये एकच गोष्ट असेल तर बायसेक्ट उत्तर देते, दहा गोष्टी असतील तर बायसेक्ट गठ्ठा देते आणि तो पुढे आपल्यालाच सोडवावा लागतो. ज्या गटांना खरोखर संपूर्ण प्रकल्पाचे फॉर्मॅटिंग बदलायचे आहे, त्यांनी ते स्वतंत्र कमिटमध्ये करावे आणि त्या कमिटचा पत्ता एका फाइलीत लिहून ठेवावा. २०१९मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून 'ब्लेम' या आज्ञेला अशी फाइल देता येते. मग प्रत्येक ओळीसमोर फॉर्मॅटिंग करणाऱ्याचे नाव न दिसता ती ओळ ज्याने मुळात लिहिली त्याचे नाव दिसते. आमच्या कामाच्या ठिकाणी हे केल्यापासून "ही ओळ अशी का आहे?" हा प्रश्न योग्य माणसाकडे जाऊ लागला.

प्रतिसाद ३

मी अजून शिकतो आहे आणि असल्या बैठकांना मागच्या रांगेत बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. उघड्या स्क्रीनची पद्धत मला आवडते. पण आमच्या गटात ती सुरू केल्यावर एक अडचण आली. जे चौघे-पाच जण भराभर सुचवतात तेच सुचवत राहतात आणि टाइप करणारा त्यांच्या मागे धावतो. दहाव्या मिनिटाला काय चालले आहे हे मला कळेनासे होते. 'थांबा' म्हणायचा धीर होत नाही, कारण आपल्या एकट्यामुळे सगळ्यांचा वेळ जाईल असे वाटते. यावर काही उपाय केला आहे का?

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. आमच्या बैठकीच्या टिपणांत काही जण 'कमिट'ला 'नोंद' लिहितात, 'ब्रँच'ला 'शाखा' आणि 'मर्ज'ला 'विलीनीकरण'. वाचायला बरे वाटते, परंतु नंतर स्क्रीनवर त्रुटीचा संदेश आला, की टिपणातील कोणता शब्द कशासाठी आहे हे मला लावता येत नाही.

धागालेखिका

तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार, कारण पहिल्या दोन-तीन बैठकांत आमच्याकडेही हेच झाले होते. आता आम्ही दोन नियम पाळतो. ज्याला विषय सर्वांत चांगला येतो त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, त्याने फक्त बोलायचे. टाइप करणारा नेहमी तुलनेने नवा माणूस असतो. त्यामुळे सुचवणाऱ्याला प्रत्येक गोष्ट शब्दांत मांडावी लागते आणि वेग आपोआप उतरतो. दुसरा नियम असा, की आज्ञा देऊन एंटर दाबण्यापूर्वी टाइप करणाऱ्याने आता काय दिसेल असे त्याला वाटते ते मोठ्याने सांगायचे. अंदाज चुकला, की तिथे थांबायचे. बगपेक्षा चुकलेल्या अंदाजांवर आमचा जास्त वेळ जातो आणि तो वेळ मला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटतो. 'थांबा' म्हणण्याची जबाबदारी मागच्या रांगेवर राहत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे.

शब्दांविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्पष्टीकरण उत्तम मराठीत असावे, पण आज्ञा, पर्याय आणि त्रुटीचे संदेश जसे स्क्रीनवर येतात तसेच ठेवावेत. त्रुटीचा संदेश हा शोधण्याचा धागा असतो. त्याचे भाषांतर केले, की तो तुटतो. 'कमिट केला', 'मर्ज केले', 'बग सापडला' असे आपण दिवसभर बोलतो आणि ते मराठीच आहे.

प्रतिसाद ४

साधनांत डीबगरचा, म्हणजे चालता प्रोग्राम मधेच थांबवून आत पाहू देणाऱ्या साधनाचा, उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून लिहिते. आमच्या गटातील बहुतेक जण चल राशीची किंमत पाहण्यासाठी जागोजागी प्रिंट टाकतात. मीही टाकते. छोट्या प्रश्नाला ते पुरते. पण "ही किंमत नेमकी कोण बदलते आहे?" या प्रश्नाला प्रिंटने उत्तर मिळवायचे म्हणजे संशयित जागा आधीच ठाऊक असाव्या लागतात, आणि अडचण तीच तर असते.

आमच्याकडे सी भाषेतील एका प्रोग्रामात एका रचनेतील लांबीचा आकडा अचानक ऋण होत असे. मालक-सदस्याने अठरा ठिकाणी प्रिंट टाकले होते. आम्ही जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम चालवला, रचना तयार झाल्यावर थांबवला आणि त्या आकड्याच्या पत्त्यावर 'वॉच' लावला. वॉचपॉइंट म्हणजे त्या पत्त्यावरील किंमत बदलताच प्रोग्राम थांबवणारी सोय होय. नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये अशा पत्त्यांसाठी चार रजिस्टरे असतात, त्यामुळे चार लहान जागांवर वॉच ठेवला तरी प्रोग्रामचा वेग फारसा कमी होत नाही. 'कंटिन्यू' म्हटले आणि काही क्षणांत प्रोग्राम अशा फंक्शनमध्ये थांबला ज्याचा त्या रचनेशी काहीच संबंध नव्हता. ते फंक्शन शेजारच्या ॲरेमध्ये एक घर पुढे लिहीत होते. अठरा प्रिंटपैकी एकही त्या फंक्शनमध्ये नव्हता आणि असण्याचे काही कारणही नव्हते.

नंतर आम्ही तोच प्रोग्राम मेमरीतील चुकीचे वाचन-लेखन पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरचा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केला. त्याने पहिल्याच धावेत ती ओळ दाखवली. हा पर्याय जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत गेली दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ आहे. तो माहीत नसलेले सी प्रोग्रामर मला अजून भेटतात आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्यांचे गेलेले दिवस परत येणार नसतात.

प्रतिसाद ५

कोड लिहिण्याचा संपादक, म्हणजे एडिटर, कोणता असावा यावर आमच्या गटात एके काळी पूर्ण बैठका खर्च झाल्या. तो विषय आता आम्ही घेत नाही. संपादकाने भाषेच्या सर्व्हरशी कसे बोलायचे हे ठरवणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६मध्ये जाहीर झाल्यापासून एका भाषेसाठी एक सर्व्हर लिहिला, की विमपासून ईमॅक्सपर्यंत आणि व्हीएस कोडमध्येही तीच सूचना, तीच व्याख्येवर उडी आणि तेच नावबदल मिळू शकतात. ज्याला जे सवयीचे आहे त्याने ते वापरावे. इतकेच पाहावे, की संपादक न सोडता चाचणी चालवता येते का आणि त्रुटीच्या ओळीवर जाता येते का.

प्रतिसाद ६

मी मजकुरावर प्रक्रिया करणारे प्रोग्राम लिहितो. आपल्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्यांच्या गटाने साधनांचा विचार करताना देवनागरीकडे स्वतंत्रपणे पाहावे असे मला वाटते, कारण साधने मुळात ज्या लिपीसाठी घडली ती आपली नाही.

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक, म्हणजे संकेतबिंदू, देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याचे दहा संकेतबिंदू होतात आणि देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेत असल्याने तीस बाइट होतात. पायथनमध्ये लांबी विचारली तर दहा येते, बाइट मोजणाऱ्या भाषेत तीस. अक्षरसमूह मोजणारी लायब्ररी वापरली तर उत्तर तिच्या आवृत्तीवर अवलंबून राहते, कारण २०२३च्या युनिकोड १५.१पर्यंत जोडाक्षर तोडू नये असा नियमच त्या मोजणीत नव्हता. जुन्या नियमाने 'विद्यार्थी'चे पाच तुकडे होतात, नव्याने तीन. ज्या स्क्रीनवर नाव वीस अक्षरांत कापायचे आहे, तिथे हा फरक थेट वापरणाऱ्याला दिसतो आणि नावाच्या शेवटी लोंबणारा हलन्त राहतो.

याहून त्रासदायक उदाहरण शोधाचे आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे टाइप केला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असे पाठवतात, तर काही साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह) आणि य असे पाठवतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, वापरले, की असे प्रश्न सुटतात असा सर्वसाधारण समज आहे, पण ही दोन रूपे प्रमाणीकरणानंतरही वेगळीच राहतात. आमच्या गटातील एका सदस्येच्या प्रोग्रामात 'दुसऱ्या' शोधल्यावर निम्म्याच नोंदी येत होत्या. बाइट छापून दाखवणाऱ्या साध्या साधनाने दोन्ही शब्द शेजारी ठेवले तेव्हा कारण दिसले. शोधापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलण्याचा नियम आपणच लिहावा लागला.

जाता जाता एक लहान गोष्ट. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर गिट 'स्टेटस'मध्ये ते तीन-तीन अंकी अष्टमान आकड्यांत दाखवते, जसे की 'व'साठी ३४०, २४४, २६५. 'कोअर डॉट कोटपाथ' ही मांडणी बंद केली, की नाव वाचता येते. ही एक ओळ आमच्या गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दिली जाते.

प्रतिसाद १

धागालेखिकेचे ४१ बाइटांचे उदाहरण वाचल्यावर माझ्या आधीच्या मताचा निम्मा भाग मी मागे घेतो. रचना चालत्या साधनातून दाखवता येते, हे मान्य आहे. मात्र ती दाखवणाऱ्याला आधी पक्की ठाऊक असायला हवी, आणि त्यासाठी कुणीतरी एकट्याने बसून वाचावे लागते, हा माझा दुसरा निम्मा भाग कायम आहे.

जुनी साधने टिकतात, हेही वर लिहायचे राहून गेले. 'मेक' हे प्रोग्राम बांधण्याचे साधन १९७६मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, हा नियम त्यांना नंतर खटकला होता, परंतु तोवर दहा-बारा जण ते वापरू लागले होते आणि त्यांच्या फायली बिघडू नयेत म्हणून त्यांनी तो बदलला नाही. आज सगळे जग तो टॅब टाइप करते. गटातील कुणी सर्वांसाठी एखादे लहान साधन लिहीत असेल, तर पहिल्या दहा वापरकर्त्यांआधीच खटकणारी गोष्ट बदलून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रतिसाद ७

साधने वापरणे आणि साधने सांभाळणाऱ्यांची काळजी घेणे या दोन्ही गोष्टी स्थानिक गटाच्या कक्षेत येतात, असे मला वाटते. मार्च २०२४मधील 'एक्सझेड' या फायली संकुचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित प्रवेशाच्या साधनाने, प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्रिंडमध्येही काही अनपेक्षित त्रुटी दिसल्या होत्या. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. माग काढत गेल्यावर एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जाणीवपूर्वक ठेवलेले चोरदार सापडले. ते चालू करणारा बांधणीच्या स्क्रिप्टमधील भाग गिटच्या भांडारात नव्हता, तो केवळ प्रसिद्ध केलेल्या संकुचित गठ्ठ्यात होता.

आमच्या गटाने यावर एक बैठक घेतली. आधी एक साधा प्रयोग केला : आम्ही रोज वापरतो त्या एका लहान लायब्ररीचा प्रसिद्ध गठ्ठा उतरवला, त्याच आवृत्तीचा गिटमधील टॅग उघडला आणि दोन फोल्डरांत 'डिफ' चालवला. काही फायली फक्त गठ्ठ्यात होत्या, कारण त्या बांधणीच्या वेळी आपोआप तयार होतात. काळजीचे काही निघाले नाही, पण असा फरक अनेकदा असतो हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नव्हते.

त्यानंतर चर्चा सांभाळणाऱ्याकडे वळली. एक्सझेड मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि ज्याने चोरदार घातले त्याने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास मिळवला होता. दमलेल्या माणसाला पहिली मदत कुणाकडून मिळते, यावर किती काही अवलंबून आहे. आम्ही तेव्हापासून एक तास राखून ठेवतो. त्यात गटातील प्रत्येक जण आपण वापरत असलेल्या एका मुक्त प्रकल्पातील एक जुनी बग-नोंद घेतो, ती आजच्या आवृत्तीत अजून घडते का ते पाहतो आणि पुनरुत्पादनाच्या नेमक्या पायऱ्या तिथे लिहून ठेवतो. यासाठी त्या प्रकल्पाचा कोड समजावा लागत नाही. नवख्यांनाही हे जमते आणि सांभाळणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे खरोखर कमी होते.

प्रतिसाद ८

उघड्या स्क्रीनच्या पद्धतीत एक धोका आहे, तोही सांगायला हवा. आमच्या बैठकीत एका सदस्याने स्क्रीन जोडली आणि कोणाच्याही लक्षात येण्यापूर्वी एका सेवेची गुप्त किल्ली सर्वांसमोर आली. ती सेटिंगच्या फाइलीत होती आणि ती फाइल गिटमध्येही होती. त्याने घाईने फाइल काढून नवा कमिट केला. तेवढ्याने काही होत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये किल्ली तशीच राहते. किल्ली आधी रद्द करायची, नवी घ्यायची आणि मग सवडीने इतिहास साफ करायचा, हा क्रम त्याला तिथेच सांगितला आणि त्याने तो तिथेच पूर्ण केला. आता बैठकीत ज्याचे काम घ्यायचे तो आदल्या दिवशी कोडची वेगळी प्रत करतो, त्यातून किल्ल्या आणि खऱ्या ग्राहकांची माहिती काढतो, आणि नोकरीच्या ठिकाणचा कोड परवानगीशिवाय आणत नाही.

याच संदर्भात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांविषयीही लिहितो. आमच्याकडे ते वर्ज्य नाहीत. मात्र त्यांनी सुचवलेली आज्ञा चालवण्यापूर्वी, वर धागालेखिकेने लिहिल्याप्रमाणे, काय घडेल याचा अंदाज मोठ्याने सांगावा लागतो. ज्या आज्ञेचा परिणाम खोलीत कुणालाच सांगता येत नाही ती आम्ही चालवत नाही, तिचे मॅन्युअलचे पान उघडतो.

प्रतिसाद ३

माझ्या वरच्या प्रश्नानंतर आमच्या गटाने 'नव्याने टाइप करायचे, जाणत्याने बोलायचे' हा नियम लावून पाहिला आणि गेल्या बैठकीत माझेच काम स्क्रीनवर होते, म्हणून काय झाले ते लिहितो.

माझा एक लहान प्रोग्राम हजारो ओळींची फाइल वाचून तिचा सारांश काढतो. तो फार हळू चालत होता. माझी खात्री होती, की मी लिहिलेली क्रमवारी वाईट आहे, आणि ती बदलण्यात मी एक आठवडा घालवला होता. मला सांगण्यात आले, की क्रमवारीला हात न लावता प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणाऱ्या 'एसट्रेस'खाली तो चालव आणि एंटर दाबण्यापूर्वी काय दिसेल ते सांग. मी म्हणालो, की फाइल एकदा उघडलेली दिसेल, मग वाचनाच्या पुष्कळ ओळी येतील आणि शेवटी लेखन दिसेल. प्रत्यक्षात स्क्रीनवर फाइल उघडण्याची एकच ओळ भराभर वर सरकत राहिली, आणि ती माझ्या मुख्य फाइलीची नव्हती, सेटिंगच्या फाइलीची होती. प्रत्येक ओळ वाचताना मी ती फाइल नव्याने उघडत होतो, कारण सेटिंग वाचणारे फंक्शन मी लूपच्या आत बोलावले होते. ते एका ओळीने वर नेल्यावर जे काम चार मिनिटे चालत असे ते काही सेकंदांत संपले. मी बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिलो. मला कुणी हसले नाही. माझ्या शेजारच्या सदस्याने एवढेच विचारले, की अंदाज चुकला ती जागा टिपणात लिहिली का.

घरी जाऊन मी दुरुस्तीचा कमिट केला आणि गटाच्या भांडारात पाठवला. त्यात फंक्शन हलवण्याबरोबर दोन फायलींचे फॉर्मॅटिंगही बदलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर एका ज्येष्ठ सदस्याचा अभिप्राय आला होता, की बदल योग्य आहे, फक्त कमिटचे दोन भाग करावेत. मी ते केले आणि दोन्ही कमिट आता मुख्य ब्रँचमध्ये आहेत.